राजदरबारची जडावाची पेटी आणि लाकडाचा स्वभाव

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगाव अशा गावांतील जुन्या वाड्यांची सागवानी दारे तुम्ही पाहिली असतील. वैशाखात ही दारे अलगद लागतात. फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेडही दिसतो. तीच दारे श्रावणात चौकटीला अडतात आणि खांदा लावून लोटावी लागतात. दार तेच, चौकट तीच, मग चार महिन्यांत बदलले काय? घरातील मोठी माणसे म्हणतात, "लाकूड फुगले." हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. लाकूड का फुगते, किती फुगते आणि कोणत्या दिशेने फुगते, हे प्रश्न शिल्लक राहतातच.

दाराच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. सुतार येतो, रंधा मारतो आणि काम भागते. पण ज्या लाकडात हस्तिदंताची फुले बसवली आहेत, शिंपल्याची नक्षी जडवली आहे, आबनुसाची वर्तुळे गुंफली आहेत, त्या लाकडावर रंधा कसा मारणार? राजेरजवाड्यांसाठी आणि परदेशातील सरदारांसाठी अशा मौल्यवान पेट्या, कपाटे, दरवाजे आणि वाद्ये आपल्या देशात शेकडो वर्षे तयार होत आली. त्यांतील कित्येक वस्तू तीनशे वर्षांनंतरही धडधाकट आहेत. याचे कारण असे की, त्या घडवणाऱ्या कारागिरांना लाकडाचा स्वभाव नीट कळला होता. तो स्वभाव समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

जडाव म्हणजे काय?

लाकडावर पटाशीने आकृती कोरली, तर ते कोरीव काम होते. कोरलेल्या खाचेत दुसऱ्या पदार्थाचा तुकडा नेमका बसवून पृष्ठभाग सपाट केला, तर त्याला जडावकाम म्हणतात. दुसरी एक पद्धत आहे. तीत मूळ पेटी साध्या लाकडाची करून तिच्यावर नक्षीच्या पातळ चकत्या सरसाने चिकटवतात व सर्व पृष्ठभाग झाकून टाकतात. पहिल्या पद्धतीत लाकूड दिसते व त्यात नक्षी दिसते. दुसऱ्या पद्धतीत खालचे लाकूड दिसतच नाही.

आपल्या देशात या कलेची काही ठळक केंद्रे होती. गुजरातमध्ये शिंपल्याच्या जडावाच्या पेट्या व कलमदाने होत. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'ऐन-इ-अकबरी'त या कामाची नोंद केली आहे. गुजरातची अशी शिंपल्याची कामे पुढे युरोपातील राजांच्या संग्रहांतही गेली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे सॅक्सनीच्या राजघराण्याच्या खजिन्यात ती पाहावयास मिळतात. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात सतराव्या शतकात सागवान, आबनूस व हस्तिदंत यांची अनेक खणांची कपाटे तयार होत. म्हैसूरच्या राजवाड्यात शिसवी लाकडात हस्तिदंत जडवलेले दरवाजे आहेत. हा राजवाडा १८९७ ते १९१२ या काळात बांधण्यात आला. आणि आपल्या मिरजेत गेली पावणेदोनशे वर्षे तंबोऱ्यांवर व सतारींवर पांढरी नक्षी जडवली जात आहे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीतील सालारजंग संग्रहालय १९५१ साली लोकांसाठी खुले झाले. सहलीला हैदराबादेस गेलात, तर तेथील शिंपल्याच्या जडावाचे सीरियाकडील सामान जरूर पाहा. पाहताना नुसती नक्षी पाहू नका. लाकूड व शिंपला यांच्यामधील बारीक रेघ पाहा. खरी गोष्ट त्या रेघेत असते.

लाकूड कोणत्या दिशेने हालते?

ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. सर्व धाटे एकमेकांना समांतर आहेत. पेंढी पावसात भिजली, तर धाटे फुगतात व पेंढी जाड होते. पण ती लांब होत नाही. लाकडाची रचना अशीच आहे. त्यातील पेशी लांबट, नळ्यांसारख्या असून खोडाच्या लांबीला समांतर असतात. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या बनलेल्या असतात आणि हे धागेही बहुतांशी लांबीच्या दिशेनेच रचलेले असतात. हवेतील बाष्प या धाग्यांच्या मध्ये शिरते व त्यांना एकमेकांपासून दूर सारते. म्हणून लाकूड रुंदीत वाढते. धाग्यांची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते.

ताज्या तोडलेल्या लाकडात दोन प्रकारचे पाणी असते. पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी. मोकळे पाणी निघून गेल्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत खाली आले की, मोकळे पाणी संपलेले असते. त्यानंतर भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि तेथून पुढे लाकूड आकसू लागते.

सागवानाचे आकडे पाहू. हा ३० टक्के जलांश पूर्णपणे काढून टाकला, तर लाकूड लांबीत फार तर ०.१ ते ०.२ टक्का आकसते. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने ते सुमारे २.५ टक्के आकसते. वार्षिक वलयांच्या कडेकडेने, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते. एकाच लाकडाचे तीन दिशांना तीन स्वभाव!

आता आपल्या हवेचा विचार करा. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के किंवा त्याहून खाली जाते. पावसाळ्यात ती ८० टक्क्यांवर चढते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील जलांश हळूहळू सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. ८० टक्के असताना तो सुमारे १६ टक्के होतो. म्हणजे कोरड्या व दमट हवेत मुरलेल्या लाकडाच्या जलांशात १० टक्क्यांचा फरक पडतो. हा ३० चा एक-तृतीयांश भाग झाला. म्हणून आकुंचनही वरील आकड्यांच्या सुमारे एक-तृतीयांश धरू.

३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी घ्या. स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेली असेल, तर ५.८ चा एक-तृतीयांश म्हणजे सुमारे १.९३ टक्के, ३०० मिलिमीटरवर हा फरक सुमारे ५.८ मिलिमीटर होतो. त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल, तर फरक अडीच मिलिमीटरच होतो. आणि तेवढ्याच लांबीच्या दिशेने मोजले, तर तो ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. प्रत्यक्षात एका ऋतूत जाड फळीला हवेशी पूर्ण बरोबरी साधायला वेळ पुरत नाही. त्यामुळे फरक याहून थोडा कमी पडतो. तरी वाड्याचे दार अडण्यास तो पुरेसा असतो.

पाहुण्यांचे स्वभाव

लाकडात जडवले जाणारे पदार्थ हे जणू त्या घरी आलेले पाहुणे. त्यांचे स्वभाव घरमालकाशी जुळतातच असे नाही.

हस्तिदंत म्हणजे हत्तीचे सुळे. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियमयुक्त खनिजाचा व उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. प्रथिनामुळे हस्तिदंतही थोडे पाणी शोषते व हालते. पण त्याची हालचाल लाकडापेक्षा कमी आणि वेगळ्या दिशांनी होते. पातळ तुकडा एका बाजूने ओला झाला, तर वाकतो.

मोत्याच्या शिंपल्याचा आतला चमकदार थर हा कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म पत्र्यांचा बनलेला असतो. हे पत्रे सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीचे असतात. म्हणूनच त्यांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात गुलाबी, हिरव्या रंगांची झाक दिसते. शिंपला बाष्पाने फुगत नाही म्हटले तरी चालेल.

कथील, पितळ यांसारखे धातू बाष्पाने मुळीच फुगत नाहीत. मात्र उष्णतेने थोडे प्रसरण पावतात.

आबनूस हे काळे, कठीण लाकूड. विडीची पाने ज्या टेंभुर्णीच्या झाडाची असतात, ते झाड आबनुसाच्याच वंशातले आहे. आबनूस दिसायला दगडासारखे दिसले, तरी ते लाकूडच आहे. ते आकसते, आणि सागापेक्षा अधिक आकसते.

तेव्हा कारागिरापुढील प्रश्न असा होता: वर्षातून दोनदा हालचाल करणाऱ्या घरात न हालणारे किंवा वेगळ्या रीतीने हालणारे पाहुणे कायमचे कसे बसवायचे?

दगडाशी तुलना

या प्रश्नाची अडचण कळण्यासाठी एक उलट उदाहरण पाहू. बिदर शहरही पूर्वी हैदराबाद संस्थानातच होते. तेथील किल्ल्यात रंगीन महाल आहे. बरीदशाही राजवटीत, सोळाव्या शतकात सजवलेल्या या महालात काळ्या पाषाणात शिंपल्याची अतिशय नाजूक नक्षी जडवलेली आहे.

दगडावर आर्द्रतेचा परिणाम नगण्य असतो. उष्णतेने तो थोडा वाढतो. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले, तर ३० सेंटिमीटर काळा पाषाण साधारण ०.०५ मिलिमीटर वाढतो. मघाच्या सागवानी फळीची ५.८ मिलिमीटर वाढ आठवा. फरक शंभरपटीहून अधिक आहे! दगडात जडाव करणे कष्टाचे, कारण दगड कोरणे अवघड. लाकडात जडाव करणे कौशल्याचे, कारण लाकूड कोरणे सोपे, पण जडवलेले टिकवणे अवघड.

कारागिरांनी काढलेले मार्ग

पहिला मार्ग म्हणजे लाकूड मुरवणे. झाड तोडल्यावर फळ्या सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने रचून त्यांना वर्षानुवर्षे मुरू देत. त्यामुळे मोठे आकुंचन जडाव करण्याआधीच होऊन जाते. मुरलेले लाकूड हालायचे थांबत नाही. पण ऋतूंबरोबर होते तेवढीच हालचाल उरते.

दुसरा मार्ग म्हणजे तंतूंची दिशा सांभाळणे. लाकडात लाकूड जडवताना दोघांचे तंतू शक्यतो एकाच दिशेने ठेवले, तर दोघे बरोबरच फुगतात व बरोबरच आकसतात. लांब, अरुंद पट्टी जडवायची असेल, तर ती फळीच्या लांबीच्या दिशेने ठेवणे सोयीचे असते, कारण त्या दिशेने फळी हालतच नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या फळीऐवजी चौकट करणे. चौकटीच्या पट्ट्या अरुंद असतात व त्यांच्या खोबणीत मधली फळी सैल बसवलेली असते. ती आतल्या आत फुगते, आकसते. चौकटीचे माप बदलत नाही.

चौथा मार्ग, आणि सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे तुकडे लहान ठेवणे. हालचाल ही टक्केवारीत असते, हे लक्षात घ्या. ३०० मिलिमीटर फळीत १.९३ टक्के म्हणजे ५.८ मिलिमीटर होतात. पण २ मिलिमीटरच्या तुकड्यात तेच १.९३ टक्के म्हणजे ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मोठा हस्तिदंती पत्रा लाकडावर चिकटवला, तर खालचे लाकूड हालताना पत्रा तडकतो किंवा उचलला जातो. त्याच जागी शंभर लहान तुकडे बसवले, तर हालचाल त्यांच्यामधील शंभर रेघांत वाटली जाते.

गोव्याची कपाटे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात व लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात ती आहेत. सागवानाच्या पृष्ठभागावर आबनुसाची एकमेकांत गुंतलेली वर्तुळे व ठिकठिकाणी हस्तिदंताचे टिपके, अशी त्यांची ओळखीची नक्षी असते. काहींचे पाय नागिणीच्या आकाराचे असतात. वर्तुळाची रेघ अरुंद असते. टिपके काही मिलिमीटरचे असतात. कपाटाचा दर्शनी भाग एका सलग फळीचा नसून अनेक लहान खणांचा असतो. खण सामान ठेवण्याच्या सोयीसाठी केलेले. पण त्यांचा एक फायदा असा की, लहान फळीची हालचालही लहान राहते व प्रत्येक खणाभोवतीची फट तिला जागा देते.

पाचवा मार्ग म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ. पूर्वीचे कारागीर जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरीत. सरस गरम पाण्यात विरघळतो व थंड झाल्यावर घट्ट होतो. ओलसर ऊब दिली की, तो पुन्हा मऊ होतो. त्यामुळे निखळलेला किंवा सैल झालेला तुकडा न तोडता काढता येतो व पुन्हा बसवता येतो. दुरुस्ती करता येणे हा सरसाचा मोठा गुण आहे. पण तोच त्याचा दोषही आहे. दमट हवेत तो ढिला पडतो.

मुंबईची पेटी आणि अळूवडी

लहान तुकड्यांचा मार्ग टोकापर्यंत नेला तो सुरत व मुंबईच्या कारागिरांनी. या कामाला सदेली काम म्हणतात. परंपरा असे सांगते की, ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस व तेथून मुंबईस आली. इराणात तिला खातम म्हणतात व तेथील राजदरबारात तिला मोठा मान होता. आपल्याकडे ती पारशी व हिंदू कारागिरांनी जोपासली. पारशी लोकांतील 'पेटीगरा' हे आडनाव पेटी बनवण्याच्या धंद्यावरूनच आले आहे. एकोणिसाव्या शतकात या पेट्या 'मुंबईच्या पेट्या' म्हणून परदेशात प्रसिद्ध झाल्या. लंडनला १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनातही त्या होत्या.

अशी पेटी पाहिली की, पाहणारा थक्क होतो. बोटाच्या नखाएवढ्या जागेत पांढरे, काळे, हिरवे, तांबूस आणि चांदीसारखे कितीतरी त्रिकोण दिसतात. हे त्रिकोण एकेक करून बसवले असतील काय? नाही. याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

अळूवडी कशी करतात ते आठवा. पानांवर पीठ लावून त्यांचा उंडा वळतात, उकडतात आणि मग आडव्या चकत्या कापतात. प्रत्येक चकतीवर तेच वेटोळे दिसते. वेटोळे एकदाच वळलेले असते. वड्या मात्र वीस होतात. सदेली कामात असेच करतात. हस्तिदंत, आबनूस, तांबूस रंगाचे पतंगाचे लाकूड, सांबरशिंग, हिरवा रंगवलेला हस्तिदंत आणि कथील यांच्या त्रिकोणी छेदाच्या लांब, बारीक काड्या तयार करतात. त्या ठरलेल्या क्रमाने सरसाने जोडून त्यांची जुडी बांधतात. जुडी वाळली की, करवतीने तिच्या आडव्या पातळ चकत्या कापतात व त्या चंदनाच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पेटीवर एकमेकींना लागून चिकटवतात. शेवटी सर्व पृष्ठभाग घासून सपाट व चकचकीत करतात.

समजा, जुडी ३० सेंटिमीटर लांब आहे, चकती १ मिलिमीटर जाड आहे आणि करवतीच्या पात्याने दर वेळी अर्धा मिलिमीटर भुसा होतो. तर एका चकतीमागे दीड मिलिमीटर लांबी खर्च होते व जुडीतून २०० चकत्या निघतात. नक्षीत ५४ त्रिकोण असतील, तर ५४ काड्या एकदा जोडून १०,८०० त्रिकोण जागच्या जागी बसतात!

त्रिकोणच का? समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती ठेवले, तर ३६० अंश पूर्ण होतात, मध्ये फट राहत नाही व षट्कोन तयार होतो. त्या षट्कोनांना पुन्हा त्रिकोण जोडले की तारा होतो. भूमितीच्या वहीत काढलेली आकृती येथे पेटीच्या झाकणावर उतरते.

आता लाकडाच्या स्वभावाकडे वळू. चकती आडवी कापलेली असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक लाकडी तुकड्याचे तंतू उभे असतात. म्हणजे पृष्ठभागावर तो दोन्ही दिशांनी हालतो. हे वाईटच. पण तुकडा एक-दोन मिलिमीटरचा आहे आणि त्याच्या भोवती न हालणारे कथील व कमी हालणारे हस्तिदंत आहे. त्यामुळे सगळी चकती एखाद्या विणलेल्या चटईसारखी वागते. खालची फळी हालली, की असंख्य बारीक रेघा थोड्या-थोड्या उघडतात व मिटतात. मोठी भेग पडत नाही. अशा पेट्यांत बिघाड होतो तो बहुधा कडेला. एखादी चकती सुटते आणि मग तिच्या शेजारची.

मिरजेचे तंबोरे आणि हत्तीचा प्रश्न

मिरज संस्थानात पटवर्धन घराण्याचे राज्य होते. तेथील शिकलगार मंडळी शस्त्रे घडवण्याचे व त्यांना धार लावण्याचे काम करीत. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी घटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला आणि मिरज हे तंबोऱ्यांचे व सतारींचे गाव झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा, दांडी व तबली यांचे सांधे आणि कडा यांवर पांढऱ्या पट्ट्या व वेलबुट्टी जडवतात. ती शोभा तर आहेच. शिवाय मऊ लाकडाच्या कडेला कठीण किनार मिळाल्याने कडा झिजत नाहीत. पूर्वी उंची वाद्यांवर ही नक्षी हस्तिदंताची असे. आज तेथे प्लॅस्टिक वापरतात.

हा बदल का झाला? राजदरबाराच्या प्रत्येक हस्तिदंती फुलामागे एक हत्ती होता. सुळे हे हत्तीचे दातच असून त्यांचा मोठा भाग कवटीत रुतलेला असतो. शिकारी ते मिळवण्यासाठी हत्तीला ठार मारतात. आफ्रिकेत १९७९ मध्ये सुमारे १३ लाख हत्ती होते व १९८९ पर्यंत ते सुमारे ६ लाखांवर आले, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला होता. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताची आयातही थांबली. शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१७ पासून नियंत्रण आहे.

मग जुन्या वस्तूतील पांढरा तुकडा हस्तिदंत आहे, हाड आहे की प्लॅस्टिक, हे कसे ओळखावे? भिंगातून पाहा. सुळ्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे बारीक काळसर ठिपके किंवा रेघा दिसतात. प्लॅस्टिकात यांपैकी काहीच नसते. फार तर सरळ समांतर पट्टे असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी रीत मात्र टाळावी. तिने वस्तू खराब होते व सेल्युलॉइड पेटूही शकते.

वस्तू बिघडते कशाने?

जडावाच्या वस्तूचा शत्रू ओलावाही नाही व कोरडेपणाही नाही. शत्रू आहे तो झपाट्याने होणारा बदल. ऋतू हळूहळू पालटतात, लाकूडही हळूहळू सावरते. पण गोव्याच्या दमट हवेतील कपाट युरोपातील हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोलीत नेले, तर ते पूर्वी कधी नव्हते इतके आकसते. संग्रहालयांत म्हणूनच आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास व स्थिर ठेवण्याची काळजी घेतात.

घराघरांत मात्र अशा वस्तूंचे नुकसान बरेचदा हौसेपोटी होते. दसऱ्याच्या साफसफाईत जुनी पेटी ओल्या फडक्याने पुसतात आणि उन्हात ठेवतात. पाण्याने सरस मऊ होतो व लाकूड फुगते. लगेच उन्हाने ते झपाट्याने आकसते. सकाळी पक्के असलेले फूल संध्याकाळी निखळते. पितळी कड्या चिंचेने घासताना चिंचेचे पाणी शेजारच्या शिंपल्यावर गेले, तर त्यातील आम्ल कॅल्शियम कार्बोनेटवर क्रिया करते, कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व चकाकी कायमची जाते. हस्तिदंतालाही आम्लापासून इजा होते.

तेव्हा घरी अशी पेटी, चौरंग किंवा तंबोरा असेल, तर तीन गोष्टी पाळा. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडा. पाणी, तेल, चिंच, लिंबू लावू नका. ऊन, चूल आणि कूलरचा झोत यांपासून वस्तू दूर, सावलीत ठेवा. आणि निखळलेला तुकडा, मग तो तिळाएवढा का असेना, कागदात जपून ठेवा. कुशल कारागीर तो पुन्हा त्याच जागी बसवू शकतो. आजच्या कडक, न सुटणाऱ्या रासायनिक गोंदाने तो घरीच चिकटवण्याचा मोह टाळा. तो गोंद लाकडाला हालू देत नाही आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करतो.

करून पाहा

१. सुताराकडून एकाच सागवानी फळीचे दोन तुकडे मागून घ्या. प्रत्येक १२ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद व अर्धा सेंटिमीटर जाड. एका तुकड्याची लांबी तंतूंच्या दिशेने व दुसऱ्याची तंतूंना आडवी असावी. दोन्ही तुकडे आठ दिवस कोरड्या जागी ठेवून त्यांचे वजन करा व वर्निअर कॅलिपरने लांबी मोजा. मग झाकणाच्या डब्यात तळाशी ओले फडके घालून, जाळीवर, फडक्याला न लागता, तुकडे पंधरा दिवस ठेवा. पुन्हा वजन व लांबी मोजा. वजन दोघांचेही वाढलेले दिसेल. लांबी कोणाची वाढली?

२. दोन रंगांच्या मातीच्या किंवा मळलेल्या कणकेच्या त्रिकोणी छेदाच्या सहा लांब काड्या करून त्या षट्कोनात जोडा. थोडे घट्ट झाल्यावर दोऱ्याने आडव्या चकत्या कापा. प्रत्येक चकतीवरील नक्षी तपासा.

शिक्षकांसाठी सूचना: पहिला प्रयोग एप्रिल व ऑगस्ट अशा दोन महिन्यांत, तेच तुकडे उघड्यावर ठेवून केल्यास, आपल्या गावच्या हवेचा आलेखच वर्गात तयार होईल.

विचार करा

१. चौकटीतील सैल फळी सरसाने पक्की चिकटवली, तर उन्हाळ्यात काय होईल?

२. समभुज त्रिकोणाऐवजी नियमित पंचकोनी छेदाच्या काड्या घेतल्या, तर त्यांची फट न राहणारी जुडी बांधता येईल काय? नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असतो, हे लक्षात घ्या.

३. तुमच्या घरच्या दाराची फट वैशाखात व श्रावणात मोजा. दाराच्या रुंदीवरून लाकडातील जलांश साधारण किती टक्क्यांनी बदलला असावा, याचा अंदाज करा.